उपडे बूट

ही हकीकत मी गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी रात्री, डोंगरमाथ्यावरच्या मुक्कामात, आमच्या भटकंती गटातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांकडून ऐकली. ती त्यांच्या एका घड्याळजी मित्राची.

"खरी आहे ना, काका?" कोणीतरी विचारले.

"थापा मारून मला काय मिळणार? भांडी घासून द्याल माझी?" काकांनी निखारे सारखे केले आणि सांगू लागले.

घड्याळजींची पत्नी पावसाळ्यात गेली. दोघांचा तंबू विकायला काढला, तर गिऱ्हाईक म्हणाले, दव आत झिरपत नाही ना, एकदा बघून घ्या. म्हणून ते याच माथ्यावर आले. अशाच, चंद्र नसलेल्या जानेवारीच्या रात्री. दर हिवाळ्यात दोघे इथेच यायचे. स्टोव्हवरचा चहा, पाय पसरून चांदण्या पाहणे, एवढीच चैन. झोपताना ती दाराबाहेर आपले बूट उपडे ठेवायची. ते हमखास विसरायचे.

"दव काय तुमच्या ओळखीचं आहे, तुमचे बूट सोडून पडायला?" असे म्हणून तीच उठून त्यांचेही उपडे करायची.

गिऱ्हाईक हे निमित्त. एकदा तरी ती यावी, यासाठीच ते आले होते. त्यांनी दुसरा पेला भरून ठेवला. "ये गं," ते अंधाराला म्हणाले आणि बूट तसेच टाकून आत शिरले.

मध्यरात्रीनंतर वारा पडला. गवत चुरचुरले. पावले... हलकी. डावा पाय जरा ओढणारी. ओळखीची. तंबूभोवती एक फेरी. मग दाराशी थांबली.

कोणीतरी खाली वाकले.

त्यांनी दाराच्या चेनकडे हात नेला. हात मागे आला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बराच वेळ काहीच नाही...

मग पावले उतरणीकडे गेली.

पहाटे तंबू दवाने निथळत होता. बूट उपडे होते. आतून कोरडे ठणठणीत.

"मग तंबू विकला?" एकाने हळूच विचारले.

"नाही. दर जानेवारीत येतो. नवे बूट मुद्दाम सरळ ठेवतो. सकाळी ओलेचिंब." काकांनी एक काटकी विस्तवात सरकवली. "म्हणतो, मीच बोलावलं, आणि आली तर घाबरलो. माझ्याच बायकोला... आता कशाला येईल ती?"

पुढे मी घड्याळजींना भेटलो. त्या सकाळी ते बूट हातात धरून अनवाणी उतरले होते. दुकानातल्या कपाटावर ते बूट आजही उपडेच आहेत, मी पाहिले. झोपेच्या भरात ते त्यांनीच उपडे केले नसतील, याची खात्री मात्र मला करता आली नाही. त्यांनाही नाही.