दुसरं टोक

खुर्चीला नवं कापड चढवणं हे दोघांचं काम आहे. एकाने ताणायचं, दुसऱ्याने ठोकायचं. आमच्या दुकानात हे ताणायचे आणि मी ठोकायचे. तोंडात बारीक खिळे धरलेले, त्यामुळे मी नुसतं ‘हं’ करायचे, की हे ओढायचे. इतक्या वर्षांच्या संसारात आमचं बरंचसं बोलणं तेवढ्यावरच भागलं.

मग यांना झटका आला. माणूस वाचला, पण उजवा हात खांद्याला नुसता लटकत राहिला. चिमटा काढला तरी कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, बघू. मी मात्र मनातून आशा सोडली होती.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं, दिवे गेले होते. भंगारवाल्याने आणून टाकलेली एक जुनी हातांची खुर्ची मी उघडली होती. बारीक काळे लोखंडी पाय, लोखंडीच हात, मधे फळीवर बसवलेली गादी. बंद पडलेल्या दवाखान्यातली आहे, एवढंच तो म्हणाला होता. जुनं कापड फाडताच औषधाचा वास दुकानभर झाला.

टेबलावर हिरवं कापड अंथरलं, त्यावर फळी पालथी घातली आणि सवयीने ‘हं’ केलं.

कापड ताणलं गेलं.

मी ठोकत गेले. कड संपली, फळी फिरवली, पुन्हा ‘हं’, पुन्हा ताण. टेबलापलीकडे अंधार होता, पण तिथे हेच असणार. यांचा हात परत आला, या आनंदाने मला भरून आलं. डोळे पुसायला मान वर केली.

हे दारात उभे होते, डाव्या हातात चहाचा कप घेऊन.

“कुणाशी चाललंय हं हं?”

माझ्या तोंडातले खिळे सांडले. कापड अजून ताणलेलंच होतं.

“अहो... मागे व्हा.”

ऐकतील तर शपथ. कप ठेवून सरळ टेबलापलीकडे गेले. तेवढ्यात तो लटकता हात वर आला. यांनी उचलला नव्हता. सावकाश कापडाच्या कडेवर टेकला आणि एकेक बोट मिटत गेलं.

“दुखतंय,” हे पुटपुटले. “अगं... दुखतंय मला.”

झटक्यानंतर त्या हाताला पहिल्यांदा काही कळलं होतं. मी भीतीने रडत होते की आनंदाने, देव जाणे.

यांच्या मनगटावरचे बोटांचे वळ पुढे कितीतरी दिवस दिसत होते. आता हे त्याच हाताने कप उचलतात, कापड ओढतात, वर माझ्या ठोकण्याला नावंही ठेवतात. ती खुर्ची विकायची नाही, हे न बोलताच ठरलं. भिंतीशी ठेवलीय. तिच्यावर कुणी बसत नाही.

काल एक लांबलचक सोफा आला. मी ‘हं’ केलं. यांनी आपली बाजू ओढली आणि समोरची बाजूही ताठ झाली. आम्ही दोघांनी मान वर केली नाही.

“जरा बेताने,” हे खालीच बघत म्हणाले.

समोरची कड थोडी सैल झाली.