गाडी दोन बोटं खाली बसली

ही गोष्ट खरी आहे. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं आणि पुढे वाचू नये. मधेच येऊन "स्प्रिंग खचली असेल हो" असली अक्कल मला शिकवू नका. स्प्रिंग नवीन होती. कोरी करकरीत.

आणि भुताची गोष्ट म्हटलं की लोकांना अमावास्या लागते, रात्रीचे बारा लागतात. इथे तसलं काही नाही.

तारीख १८ ऑक्टोबर १९८५. शुक्रवार. वेळ दुपारी पावणेतीन. जागा नावडे गावाबाहेरची, माझ्या मामाची पत्र्याची शेड.

ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा.

त्या उन्हात झालं सगळं...

श्याममामा म्हणजे माझ्या आईचा मोठा भाऊ. तळोज्याच्या एका कारखान्यात टर्नर होता. लेथवर हात असा की बघत राहावं. त्याचा धाकटा भाऊ जयप्रकाश, आमचा जयूमामा. आजोबा लवकर गेले, त्यामुळे जयूमामाला श्याममामानेच वाढवलं. शाळेची फी यानेच भरली आणि कानफटातही यानेच मारली.

जयूमामाला एकच वेड. गाडी पळवणं.

दोघांत मिळून एक जुनी फियाट होती. आठवडाभर ती घरची गाडी. आजीला दवाखान्यात न्यायची, नवीन पनवेलच्या सिडकोच्या घरी सिलिंडर आणायचा. आणि वर्षातून एकदा तीच गाडी मद्रासकडे एका जुन्या धावपट्टीवर शर्यतीला जायची. ट्रकवर घालून नाही हं! मागच्या सीटवर चार टायर, स्टोव्ह, पिठल्यासाठी बेसन, आणि निघाले दोघे भाऊ. शर्यत मारायची आणि त्याच गाडीने घरी यायचं.

आता थोडं गाडीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चाकाला धरून ठेवणारे लोखंडी आर्म असतात गाडीखाली. त्यांच्या सांध्यात रबराचा बुश असतो. गुडघ्यात कूर्चा असते तसा. गाडीबरोबर येणारा बुश मऊ. घरच्या वापराला झकास, पण जोरात वळवलं की गाडी डोलते. म्हणून श्याममामाने आधी लेथवर नायलॉनचे बुश काढले. धावपट्टीवर गाडी सुतासारखी सरळ गेली. रस्त्यावर मात्र एकेक खडा मणक्यात लागायला लागला.

आजी एकदा बसली आणि उतरताना म्हणाली, "शाम, गाडी आहे का जातं रे हे? हाडं दळली माझी!"

मग त्याने तिसरा मार्ग काढला. तळोज्यातच रबर ओतणारा एक माणूस गाठला आणि कडक रबराचे बुश ओतून घ्यायचं ठरवलं. रस्त्यालाही चालतील, शर्यतीलाही.

पण रबराचा बुश आवळायची एक रीत आहे. गाडी जॅकवर लटकत असताना नट शेवटचा आवळायचा नाही. चाकं जमिनीवर हवीत, गाडीचा भार चाकांवर हवा. आणि श्याममामाचं म्हणणं, चालवणारा माणूससुद्धा सीटवर बसलेला हवा. तसं नाही केलं तर रबर पिळलेलंच अडकतं, गाडीचं नाक वर राहतं, आणि प्रत्येक खड्ड्याला रबर आतून फाटत जातं.

त्यामुळे श्याममामा गाडीखाली, शेडमध्ये कामासाठी खणलेल्या खड्ड्यात आणि जयूमामा वर सीटवर, असं चालायचं. खालून हाक, "बसलास?" वरून टाच आपटायची. ठक, ठक. की मग पाना फिरायचा.

फेब्रुवारीत घोटाळा झाला.

शर्यत तोंडावर आली होती. कारखान्यात माणसं कमी, श्याममामाला लागोपाठ दोन रात्री डबल पाळी पडली. सकाळी डोळे चुरचुरत शेडवर आला, तर बुश ओतून आलेले. उद्या निघायचं. जयूमामा प्लग आणायला पनवेलला गेला होता. मामाने गाडी जॅकवर घेतली, बुश बसवले. आणि वर कुणी नसताना, चाकं लटकत असताना, नट आवळून टाकले.

मनाशी म्हणाला, जयू आला की सैल करून परत आवळू. गाडी खाली घेतली आणि पाच मिनिटं पाठ टेकली.

त्याला उठवलं ते शेजारच्या शेडमधल्या नझीरभाई वेल्डरने. गदागदा हलवून.

"श्यामभाई, उठा! जयूची गाडी..."

तळोज्याच्या वळणावर गाडी रस्ता सोडून नाल्याच्या कठड्यावर आदळली होती. कुणी पाहिलं नाही. पोलीस म्हणाले, स्पीड. लोक म्हणाले, शर्यतीचा नाद, व्हायचंच होतं.



श्याममामाला एकच माहीत होतं. नट त्याने आवळले होते. जयूला न बसवता.

बुश फाटला असेल तर भावाला त्याने मारलं. फाटला नसेल तर नाही. बघायला किती वेळ लागतो? एक नट, एक बोल्ट. दहा मिनिटांचं काम. आठ महिने त्याने ते दहा मिनिटांचं काम केलं नाही. आजीला सांगितलं नाही, माझ्या आईला नाही, नझीरभाईला नाही. नझीरभाईने पत्रा ठोकून सरळ केला, पुढच्या स्प्रिंगा नवीन टाकल्या, डाव्या बाजूचं सगळं झालं. उजव्या बाजूच्या, म्हणजे जयूच्या सीटच्या बाजूच्या आर्मला मात्र मामा कुणाला हात लावू देईना.

जेवणावरची वासनाच उडाली होती माणसाची. रोज शेडमध्ये जायचा, गाडीसमोर बसायचा, परत यायचा.

दसरा आला तशी आजी म्हणाली, "त्याची गाडी आहे रे शाम. पूजा करायची मला. मोडकी नको ठेवूस."

आईला नाही कसं म्हणणार?

म्हणून त्या शुक्रवारी तो शेडवर गेला. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. एरवी दिवसभर घरघर चालू असते, त्या दिवशी कुठलंच यंत्र नाही. नझीरभाई जुम्म्याच्या नमाजला गेलेले, तिकडूनच जेवायला घरी. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

पत्र्यावर एक कावळा तेवढा चालत होता. टक... टक... टक...

मामाने गाडी उचलली. बोल्ट काढला. आर्म खाली ओढला.

रबर फाटलेलं होतं.

आरपार. सुरीने कापावं तसं.

पण ते आधी फाटलं म्हणून गाडी गेली, की गाडी आदळली म्हणून फाटलं? ते कसं कळणार? आठ महिने ज्याला घाबरला, ते बघितलं आणि तरी कळलं नाहीच. मामा तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला. एकटा. चाळिशीचा बाप्या माणूस.

रडून झालं. मग उठला. नवा बुश दाबून बसवला, बोल्ट घातला, नट हाताने फिरवला. गाडी खाली घेतली. चारी चाकं जमिनीवर. पाना घेऊन खड्ड्यात उतरला.

आता शेवटचं आवळायचं.

आणि त्याच्या तोंडून, सवयीने, निघून गेलं...

"बसलास?"

जीभ चावली त्याने. काय बोललो हे? कुणाला विचारतोय मी?

वर पत्र्यावरचा कावळा थांबला.

काहीच आवाज नाही. स्वतःचा श्वास तेवढा.

मग...

डोक्यावर स्प्रिंग कण्हली.

कुर्रर्र...

हळूच. माणूस सीटवर टेकताना वाजते तशी.

गाडीचा तळ मामाच्या डोक्यावर होता. मघाशी केस आणि तळ यांच्यात जागा होती. आता तळ केसांना लागला. उजव्या बाजूने. मडगार्डाच्या आतली सुकी माती सुटली आणि त्याच्या मानेवर पडली.

दार वाजलं नव्हतं. पावलं वाजली नव्हती.

मामा हलला नाही. हलताच येईना.

आणि बरोबर त्याच्या कपाळाच्या वर, पत्र्यापलीकडून...

ठक.

ठक.

तुम्ही म्हणाल, पळायचं! मीही तेच म्हटलं होतं. मामा म्हणाला, "पळू कुठं रे? माझा भाऊ होता तो."

त्याने नट आवळला. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, पण पाना घसरला नाही. शेवटपर्यंत आवळला. नेहमीसारखा.

मग पायऱ्या चढून वर आला.

काचा बंद. दारं बंद. दाराच्या कडीवर कित्येक महिन्यांची धूळ, तिच्यावर बोट उमटलेलं नाही. सीट रिकामी.

पण गाडी उजव्या बाजूला खाली होती. त्याने पट्टी लावली. डाव्या बाजूपेक्षा दोन बोटं कमी.

माणूस बसल्यावर होते तेवढीच.

नझीरभाई परत आले तेव्हा मामा जमिनीवर बसलेला होता. त्यांनीही मोजलं. म्हणाले, "स्प्रिंग बघू का?" काढून बघितली. दोन्ही स्प्रिंगांची उंची सारखी. परत घातली.

परत दोन बोटं खाली.

 नझीरभाईंनी टोपी घातली आणि ते गाडीपासून चार पावलं मागे सरकले.

दसऱ्याला आजी झेंडूचा हार घेऊन रिक्षाने आली. बॉनेटवर कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. मग गाडीकडे बघत राहिली.

"शाम, ही बाजू खाली बसलीय."

बस्स. मामाचा बांध फुटला. पाय धरले आजीचे.

"आई, मी आवळले गं नट. तो नसताना. जॅकवर आवळले. माझ्या हातून झालं सगळं."

आजीने त्याला उठवलं नाही. बराच वेळ त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली,

"मला ठाऊक आहे."

मामाने वर बघितलं.

"त्या दिवशी गाडी घेऊन घरी आला होता तो जेवायला. म्हणाला, दादानं आज मला न बसवताच आवळलेत. गाडीचं नाक वर दिसतंय. पण दोन रात्री झोपला नाही गं दादा, घोरत पडलाय, नाही उठवलं. हळूच तळोज्यापर्यंत जाऊन बघतो, आल्यावर परत आवळून घेऊ." आजीने पदराचं टोक मुठीत धरलं. "मी म्हटलं, जा. मीच म्हटलं रे शाम. भात वाढला, ताक दिलं आणि जा म्हटलं."

आठ महिने एका घरात राहिली ती दोघं. एका ताटाला बसली. तिला वाटायचं, शामला कळलं तर तो जीव देईल. याला वाटायचं, आईला कळलं तर ती तोंड बघणार नाही.

मग मामाने तिला शुक्रवारचंही सांगितलं. आजीने पदराने डोळे पुसले आणि ती उजव्या दाराशी गेली. काचेला हात लावला.

"आवळून घ्यायला आला होता बघ. बोलला होता तसा." मग मागे न बघता म्हणाली, "आता झालं ना काम? मग उतरायला सांग त्याला. ताटकळत नको ठेवूस लेकराला."

मामा म्हणाला, "सांगतो."

सांगितलं नाही.

त्या दिवशी नाही. नंतरही नाही. आजी पुढे सहा वर्षांनी गेली. शेवटपर्यंत विचारायची, "सांगितलंस का रे?" आणि हा म्हणायचा, "सांगतो गं."

गाडी अजून त्या शेडमध्ये आहे. विकली नाही, चालवली नाही. मी स्वतः पट्टी लावून मोजलंय, दोनदा. टायर बदलून, जमीन लेव्हल करून. दोन बोटं. मी आत डोकावलो नाही. माझी हिंमत नाही, उगाच फुशारकी कशाला मारू?

श्याममामाचं आता वय झालंय. गुडघे गेलेत, खड्ड्यात उतरवत नाही. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेलो तेव्हा मला शेडपाशी घेऊन गेला. कुलूप काढलं, पण आत गेला नाही. दारातच उभा राहिला.

मी विचारलं, "मामा, एवढी वर्षं का नाही सांगितलं?"

"सांगितलं आणि गाडी वर आली, तर?" म्हणाला. "मग माझ्याकडे काय राहील?"



मग त्याने माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"पण मी गेल्यावर त्याला कोण सांगणार रे? तो बसूनच राहील. दादाने सांगितल्याशिवाय उतरायचा नाही तो. तू सांगशील?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

काल रात्री आईचा फोन आला होता. मामाला दवाखान्यात हलवलंय. बोलत नाही, नुसता बघतो म्हणे. आणि उशाशी ठेवलेली शेडची चावी भाच्याला, म्हणजे मला, द्या, असं त्याने खुणेने सांगितलंय.