ज्वारीतल्या सीड्या

ही गोष्ट कुणाला खोटी वाटली तर माझी हरकत नाही. पण जिच्यावर ती गुदरली ती नंदा आज जालन्यात आहे, धडधाकट आहे. तिच्या कपाटात ती सीडी अजून आहे, रुमालात गुंडाळलेली. मी एकदा बघायला मागितली होती. तिनं चहा टाकते म्हणून विषय बदलला.

साल २००२. संक्रांतीच्या अलीकडचे दिवस. गाव कुंभार पिंपळगाव.

आणि रात्र नव्हती. भुताखेतांना रात्रच लागते असं लोक धरून चालतात. हे सगळं भर दुपारी घडलं, लख्ख उन्हात.

नंदाचा थोरला भाऊ कारभारी. बसस्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता, आणि आसपासच्या गावांत कॉम्प्युटर फक्त त्याच्याकडेच होता. फोटो काढायचे कारभारीनं आणि कॉम्प्युटर सांभाळायचा नंदानं, अशी वाटणी. नंदा मोठी शिस्तीची. लग्न असो की बारसं, फोटो स्कॅन करायचे, ज्याचं त्याच्या नावाचं फोल्डर करायचं. मग सीडीवर उतरवून वर काळ्या पेनानं नाव घालायचं. एक नग दुकानात, एक नग घरी.

कारभारी चिडवायचा, "आमच्या नंदीला देवानं दोन जीव दिले असते, तर एक तिनं पेटीत कुलूप लावून ठिवला असता."

त्यांची थोरली बहीण दुर्गा. घनसावंगीला दिलेली, नवऱ्याचं नाव भुजंग. आदल्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. जालन्याच्या दवाखान्यात शेवटी शेवटी तिला धड बोलताही येत नव्हतं. तरी तिनं नंदाचा हात धरून ठेवला होता.

"नंदे, ठकू दोन वर्साची हाय. तिला मी बिलकुल आठवणार न्हाई. माझे फोटो जप. तिला दाखवत जाय. तेवढीच राहीन मी."

नंदानं शब्द दिला.

दुर्गा गेली. घनसावंगीतला लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. पण नंदानं त्यातला फोटो न् फोटो आधीच स्कॅन करून ठेवला होता. दुर्गाचं लग्न, डोहाळजेवण, ठकूचं बारसं... सगळं एका फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव, दुर्गाताई.

बाजाराच्या दिवशी भुजंग पोरीला घेऊन यायचा. नंदा ठकूला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायची.

"ही कोन?"

"आई," ठकू बोट लावून सांगायची.

त्या दुपारी नंदा दुकानात एकटी होती. कॉम्प्युटरची परीक्षा द्यायला ती काही दिवस जालन्याला गेली होती, आदल्या रात्रीच परतली होती. कारभारी शाळेत फोटो काढायला गेलेला. बसस्टँड सामसूम.

तेवढ्यात...

घर्र... घर्र...

सीडीचा ड्राइव्ह फिरत होता. नंदानं बटण दाबून तो उघडला.

आत सीडी नव्हती.

तिनं तो आत ढकलला. पुन्हा... घर्र. थांबला. पुन्हा घर्र. कुणीतरी आत काहीतरी शोधत असल्यासारखा.

जुनं मशीन आहे, असं म्हणून तिनं तिकडं दुर्लक्ष केलं. बऱ्याच दिवसांत बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं, म्हणून तिनं फोल्डर उघडलं. लग्नाचा फोटो समोर आला.

फेटा बांधलेला भुजंग. शेजारी नवरी. शालू दुर्गाचा. हात दुर्गाचे. मुंडावळ्या दुर्गाच्या.

आणि चेहरा...

चेहरा नंदाचा.

तिनं पुढचा फोटो उघडला. डोहाळजेवण. तोही चेहरा नंदाचा. बारशाचा उघडला. मांडीवर ठकू, आणि मांडीवरच्या बाळाकडं न बघता नंदा सरळ समोर बघून राहिलेली. परीक्षेच्या अर्जासाठी काढलेल्या फोटोत जशी बघितली होती, अगदी तशी. सगळ्या फोटोंत तेच तोंड, तेच अर्धवट हसू.

दुर्गा कुठंच नव्हती.

कारभारी आला. त्यानं स्क्रीनकडं पाहिलंसुद्धा नाही.

"व्हायरस असंल," तो म्हणाला.

व्हायरस माणसांची तोंडं बदलत नाही, एवढं नंदाला कळत होतं. पण समोर सख्खा भाऊ होता. दुकानातल्या खणात दुर्गाच्या सीड्या नव्हत्या, म्हणून ती घरी पळाली. घरच्या सीड्या तिनं आईच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवल्या होत्या.

लुगडी होती. सीड्या नव्हत्या.

"माय, सीड्या कुठं गेल्या?"

तिची आई द्वारकाबाई चुलीपाशी होत्या. "मला काय समजतं त्यातलं? उंदरानं नेल्या असतील." मग त्यांनी पदर डोळ्याला लावला. "माझ्या लेकीचं तोंड सुद्दा न्हाई राह्यलं गं बघायला."

मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या. नंदानं स्वतःच्या हातानं आईचे डोळे पुसले. हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी बांधून घरच्या शेतात पाखरं राखायला निघाली. ज्वारी हुरड्यात आली होती. अशा दिवसांत रानात पाखरांचा नुसता कालवा असतो. गोफण फिरवून माणसाचा खांदा निखळतो.

त्या दुपारी रानात एक पाखरू नव्हतं.

नंदा बांधावर थांबली. ज्वारीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळ्या ताणल्या होत्या आणि सुतळ्यांना सीड्या बांधल्या होत्या. उन्हात चमकतात, पाखरं भितात, म्हणून दुकानातल्या खराब सीड्या लोक मागून न्यायचे. कारभारीनंही लावल्या असतील.

ती जवळ गेली. पहिल्या सीडीवर काळ्या पेनानं लिहिलं होतं...

दुर्गाताई, लग्न.

अक्षर तिचंच होतं. दुसरीवर, दुर्गाताई, डोहाळजेवण. तिसरीवर ठकूचं नाव. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. नंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिनं पहिली सुतळी तोडायला हात घातला.

तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं...

वारा नव्हता. ज्वारीचं पान हलत नव्हतं.

आणि सीड्या फिरत होत्या.

आधी एक. मग तिच्या शेजारची. मग पलीकडच्या ओळीतली. हळूहळू, कुणी हाक मारल्यावर माणूस वळतो तशा. आणि मग सगळ्या एकदम थांबल्या. सगळ्यांची चकचकीत बाजू नंदाकडं.

"ताई?" तिच्या तोंडून निघून गेलं.

कुणी बोललं नाही. फक्त मागच्या ज्वारीत... बांगड्यांचा आवाज झाला. एकदाच.

नंदानं मागं पाहिलं नाही. तिनं सगळ्या सीड्या तोडून ओच्यात भरल्या आणि भाकरी तिथंच टाकून दुकान गाठलं.

लाइट गेलेली. कॉम्प्युटर खालच्या बॅटरीवर चालला होता आणि बॅटरी सारखी वाजत होती... पीं... पीं... म्हणजे थोडाच वेळ चालणार. दवानं आणि धुळीनं सीड्यांची वाट लागली होती. तिनं एकेक पुसून आत घातली. ड्राइव्ह घरघरायचा आणि सीडी बाहेर टाकायचा. लग्न गेलं. डोहाळजेवण गेलं. बारसं गेलं. बहिणीला ती दुसऱ्यांदा मरताना बघत होती आणि तिच्या हातात काही नव्हतं.

शेवटची एक उरली. तिच्यावरचं नाव उन्हानं पार उडालं होतं.

तिनं ती आत घातली.

या वेळी ड्राइव्ह घरघरला नाही. एकदम शांत.

आणि स्क्रीनवर एक फोटो उघडला... तो फोटो नंदानं कधी स्कॅन केला नव्हता. कारभारीनं काढला नव्हता. कुणीच काढलेला नव्हता.

फोटो ज्वारीच्या रानातला होता. सुतळीच्या उंचीवरून खाली बघितल्यासारखा. कारभारी हात वर करून गाठ मारतोय. त्याच्या मागं भुजंग, सुतळीचा गुंडा धरून. आणि बाजूला खाली बसलेली एक बाई, मांडीवर सीड्यांची चळत. ती प्रत्येक सीडी पदरानं पुसून वर देत होती.

मनगटावरचं गोंदण नंदानं लगेच ओळखलं.

ती द्वारकाबाई होती.

पीं... आणि स्क्रीन काळी झाली. काळ्या काचेत नंदाचं तोंड दिसलं. तिच्या मागं, फोटो काढायच्या फिरत्या स्टुलावर... कुणीतरी पाठ करून बसलं होतं. नंदा वळली. स्टूल रिकामं होतं, पण अजून फिरत होतं.

ती तशीच घरी गेली. आई दारात शेंगा फोडत होती.

"माय, सीड्या रानात बांधताना तू पदरानं पुसून देत होतीस?"

द्वारकाबाईंचा हात थांबला. चेहरा पांढरा पडला.

"तुला कोनं सांगितलं? तिथं आमच्या तिघांबिगर कोनीच नव्हतं."

मग सगळं बाहेर आलं. पौष सरला की नंदाचं लग्न भुजंगशी लावायचं ठरलं होतं. मेलेल्या बहिणीच्या जागी धाकटी द्यायची रीतच होती. भुजंग कबूल, कारभारी कबूल, आई कबूल. भावकीला माहीत, शेजाऱ्यांना माहीत. एकट्या नंदाला सोडून सगळ्या गावाला माहीत. ठकू लहान आहे तोवर तिच्या डोळ्यांसमोर एकच तोंड राहावं, म्हणून कारभारीनं रात्री बसून फोटोंवर नंदाचा चेहरा लावला होता. आणि खऱ्या सीड्या पाखरांपुढं टांगल्या होत्या.

"ताई तुझी लेक न्हवती का माय?"

"होती. म्हनून तर जाळल्या न्हाईत," द्वारकाबाई म्हणाल्या. "दुर्गी गेली. ठकूला आई पाह्यजे. एका पोरीला दोन आया दाखवून तिचं डोस्कं काहून फिरवायचं? तुझंबी घर होतंय. मी काय वाईट करून राह्यले?"

काल याच बाईनं गळ्यात पडून रडून घेतलं होतं. परक्यानं केसानं गळा कापला असता तर नंदानं त्याला शिव्या तरी दिल्या असत्या. ही तर आई होती.

ती त्याच दिवशी घनसावंगीच्या जीपमध्ये बसली, तिथून एसटीनं जालना. अंगावरचे कपडे आणि ती नाव उडालेली सीडी, एवढंच सोबत. एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात तिला कॉम्प्युटरवर काम मिळालं. लग्न तिनं केलं नाही. भुजंगनं दुसरी केली. ठकूला भेटायला ती घनसावंगीला कितीदा गेली, पण दारातूनच तिला परत पाठवलं.

ती सीडी तिनं कितीतरी कॉम्प्युटरवर लावून पाहिली. पुन्हा ती कधीच उघडली नाही.

२००९ साली द्वारकाबाई गेल्या. नंदा दहाव्याला गावी आली. बैठकीत पाटावर आईचा फोटो ठेवला होता, हार घातलेला. कारभारीनंच कॉम्प्युटरवर छान करून दिलेला.

फोटोसमोर एक पोरगी बसली होती. नंदाला बघून ती उठली आणि तिनं दप्तरातून एक लॅमिनेट केलेला फोटो काढला. फेटा बांधलेला भुजंग आणि शेजारी नवरीच्या वेशात नंदा.

"ही तूच ना?" ठकू म्हणाली. "पप्पा म्हन्ले, तू मला टाकून जालन्याला पळून गेल्ती. मला फकस्त एवढं सांग, काहून टाकलंस?"

भुजंगनं मान खाली घातली. कारभारी उठून बाहेर गेला. ज्या पोरीसाठी तिनं शब्द दिला होता, ती पोर सात वर्षं तिचाच दुस्वास करत वाढली होती, तिच्याच फोटोकडं बघून. आणि दाखवायला नंदाकडं दुर्गाचा एकही फोटो नव्हता.

तिनं पिशवीतून सीडी काढून ठकूच्या हातात दिली. ठकूनं ती उलटी करून चकचकीत बाजूत पाहिलं.

पोरीचं तोंड हुबेहूब दुर्गाचं होतं. नंदाला वाटलं, एवढं तरी तिला दिसू दे.

ठकू बघत राहिली. तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उतरल्या. मग ती हलक्या आवाजात म्हणाली...

"मावशी."

मावशी म्हण असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मावशी, माझ्या मागं माझ्यासारखीच कोनी उभी हाय. ती माझ्याकडं बघतच न्हाई. आजीच्या फोटोकडं असं काहून बघून राह्यली?"

ठकूच्या मागं भिंत होती.

नंदानं तिच्या हातातली सीडी झटकन घेऊन रुमालात गुंडाळली. मग सगळ्यांनी पाटाकडं पाहिलं. द्वारकाबाईंच्या फोटोवर उन्हाचा एक गोल कवडसा पडला होता. बरोबर चेहऱ्यावर. साडी दिसत होती, हार दिसत होता, तोंड तेवढं दिसत नव्हतं.

त्या खोलीत ऊन येत नाही. तिला खिडकीच नाही.

कारभारीनं तो फोटो नंतर दुसऱ्या भिंतीवर लावून पाहिला, दुसऱ्या खोलीतही नेला. दुपार झाली की कवडसा तिथं येतो.