लाकडी डोकं आणि लाडूखाऊ गजू

"फुटतोय! गजू फुटतोय!" धाकटी बहीण रुचिका किंचाळली.

दुर्गाने हातातली पोळी टाकली आणि कॉम्प्युटरकडे धाव घेतली. पडद्यावरच्या जांभळ्या हत्तीचं पोट कडेपासून बोटभरच दूर होतं!

हा गजू दुर्गाने सुट्टीत स्वतः बनवला होता. इंटरनेटवर कुणीही यावं, स्पेसबार दाबून त्याला लाडू द्यावा, बाणाची कळ दाबून फिरायला न्यावं. लाडवाने पोट फुगायचं, फिरून उतरायचं. बस्स! पण साऱ्या जगात मिळून हत्ती एकच. पोट कडेला टेकलं की फट्! खेळ कायमचा खलास. नांदेडची एक मुलगी त्याला सकाळी फिरवायची, ब्राझीलचं कुणीतरी लाडू द्यायचं. आणि हल्ली रोज दुपारी कुणीतरी त्याच्या तोंडात दणादण लाडू कोंबत होतं!

"पडदा मोठा कर ना यार! नियम तुझाच तो," चुलतभाऊ ध्रुव म्हणाला.

"वा रे! मग सगळ्यांनी इतके दिवस त्याला जपलं कशाला? मरणारच नसेल तर काळजी कोण घेईल?" दुर्गा म्हणाली.

तेवढ्यात लाडू थांबले. एकदम! आणि ध्रुवचा मोबाइल वाजला. टोपी बाजारातल्या फेट्यांच्या दुकानातून जयसिंहरावकाका, म्हणजे ध्रुवचे बाबा, बोलत होते.

"ध्रुव, लाइट गेली रे! पंखा बंद, वायफाय बंद. पूरा बाजार उकडतोय. हातपंखा घेऊन ये... अरे थांब, आली आली! राहू दे."

लाडू पुन्हा सुरू! दुर्गाने मोबाइल हिसकावला.

"काका, तुम्ही हत्तीला लाडू चारताय?"

"हत्तीला? अगं, मी शटर ओढून डुलकी काढतोय. मला इथे कुणी बुंदी देत नाही, आणि हत्तीला लाडू!" काकांनी फोन ठेवला.

ध्रुवचा चेहरा पडला. "दुर्गे, पहिल्याच दिवशी मी त्यांच्या लॅपटॉपवर गजू उघडून दाखवला होता. 'बघतो नंतर' म्हणाले..."

"आणि बंद कुणी केला?"

"कुणीच नाही!"

"रुचिका, तू बाण दाबत राहा! सोडू नकोस!"

नया बाजारातल्या घरून दोघांच्या सायकली अशा सुटल्या की एका चाटवाल्याने टिक्कीसकट उडी मारली! दुकानाचं शटर खाली. आतून घोरणं. ध्रुवने शटर बडवलं, हाका मारल्या. घोरणं तसंच!

"ताई, केसभर उरलंय!" फोनवर रुचिका रडकुंडीला आली. "बोट दुखतंय माझं!"

दुर्गाने ध्रुवचा मोबाइल घेऊन त्यावर गजू उघडला. गजूला ओरडायला लावायची गुप्त कळ फक्त तिलाच माहीत होती. आणि काकांचा लॅपटॉप जोडलेला होता लग्नाची गाणी वाजवायच्या भल्यामोठ्या स्पीकरला! तिने कळ दाबली.

"फुर्रर्र... भ्वाँऽऽऽ!"

सारा टोपी बाजार हादरला. शटर खाडकन वर गेलं. डोक्यावर एक फेटा, हातात दुसरा, काका ओरडत बाहेर आले, "आली! वरात आली! हत्तीवरून आली!"

दुर्गा त्यांच्या हाताखालून आत घुसली. टेबलावर, थेट पंख्याखाली, लॅपटॉप उघडा. त्यावर फेटे बांधायचं लाकडी डोकं, खळ घातलेला ओला गुलाबी फेटा मिरवत, हनुवटी स्पेसबारवर टेकून बसलेलं!

तिने ते उचललं. लाडू थांबले.

"वाचला!" फोनवर रुचिका ओरडली.

"पंख्याखाली तेवढीच जागा आहे ना," काका ओशाळले. "रोज दुपारी फेटा तिथेच वाळवतो. गुन्हेगार हे डोकं आहे हो!"

"दोन डोक्यांतलं कुठलं, बाबा?" ध्रुवने विचारलं.

जमलेले दुकानदार खो खो हसले. काकांनी तो गुलाबी फेटा दुर्गाच्या डोक्यावर चढवला. "शाबास पोरी! अख्ख्या बाजाराला उठवलंस आणि हत्तीही वाचवलास! आता माझी शिक्षा सांग."

"उद्या दुपारी तुम्ही गजूला फिरवायचं."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दुर्गाने गजू उघडला. तो सुसाट धावत होता! पोट पार पाठीला लागलेलं, सोंडेपेक्षा अंगच बारीक!

तिने काकांना फोन लावला. बराच वेळ वाजला, मग झोपेतच त्यांचा हात लागून उचलला गेला. पलीकडे संथ, सुखी घोरणं. म्हणजे बाणाच्या कळेवर कोण बसलं होतं, ते सांगायलाच नको.

दुर्गा गालात हसली आणि तिने गुप्त कळ दाबली.

"भ्वाँऽऽऽ!"

"आली! वरात आली!"