खुंटीवरचं टोपडं

कंपाउंडरांनी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यांचं डोकं सणकलं.

'सदर तोफची स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू पावला. त्याने अग्निरोधक शिरवस्त्र व हातमोजे घातले नव्हते. ते मला स्वतःला त्याच्या खुंटीवर आढळले. सबब त्याचे नाव फलकावर घेता येत नाही.' खाली बंदरावरच्या तोफखान्याच्या कॅप्टनची सही.

"पोरगं गेलं आणि वर हे 'सबब'!" कंपाउंडर म्हणाले.

समोर त्या पोराची आई बसली होती, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन. "मला दुसरं काही नको, मावशी," ती म्हणाली. "लढाईत मेलेल्यांच्या फलकावर त्याचं नाव लागू दे. शेजारीपाजारी म्हणतात, स्वतःच्या चुकीनं मेला. लहानपणी कानाला वारा लागला तरी टोपडं मागायचा हो तो!"

मावशी खासगी तपास करत. वकिलांपासून फौजदारापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत, आणि कंपाउंडर त्यांच्याबरोबर का असतात हे कंपाउंडरांनाही नीट सांगता आलं नसतं.

मावशींनी पेटी उघडली. आत कोपरापर्यंत येणारे पांढरे हातमोजे आणि डोकं, कान, मान झाकणारं सुती शिरवस्त्र होतं. तोफची त्याला टोपडंच म्हणत. भोक काय ते डोळ्यांपुरतं. कडेला राखाडी अक्षरांत सतरा नंबर.

"खूप वेळा हुंगलं," आई म्हणाली. "त्याचा वासच येत नाही."

"धुतलं असेल," कंपाउंडर हळूच म्हणाले आणि पेन्सिल जिभेला लावून वहीत नंबर टिपू लागले.

"कंपाउंडर, दवाखाना सुटून सहा वर्षं झाली, पण जीभ अजून जांभळी," मावशी म्हणाल्या. "ती बाटल्यांवर लिहायची पेन्सिल आता तरी सोडा."

"पक्की असते हो. ओली झाली की जन्मात पुसत नाही."

मावशींनी टोपडं पुन्हा हातात घेतलं, उजेडात धरलं आणि जपून घडी घातली. "याला पाण्याचा थेंब लागू देऊ नका," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आधी इस्पितळात गेली. डॉक्टर थकलेले होते. "तोफेचं मागचं दार उघडलं आणि आतली ज्वाला उलटली. पापणी लवेपर्यंतचा खेळ. गाल, कान, मान, हात खोलवर भाजले होते. डोळ्यांभोवती मात्र वरवरच."

"डोळे मिटून घेतले असतील बिचाऱ्यानं," कंपाउंडर म्हणाले.

"डोळे मिटले तरी पापण्या गालांइतक्याच भाजायला हव्यात ना?" मावशींनी विचारलं.

तोफखान्याच्या धोबीखान्यात दोरीवर टोपडी वाळत होती. पिवळट, पापडासारखी कडक, प्रत्येकाच्या कडेला जांभळा नंबर.

"साबणानं धुतलं की औषध निघून जातं," धोबी म्हणाला. "मग या टाकीतल्या क्षाराच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. त्याशिवाय आग अडत नाही. ही बघा, माझ्या हातांना भेगा पडल्यात."

"इस्त्री करता?"

"यांना? छे! क्षार करपतो, डाग पडतात."

"आणि नंबर?"

"मीच घालतो, पक्क्या पेन्सिलीनं."

"नवं टोपडं लागलं तर?"

"कोऱ्या कपड्यांची पेटी कॅप्टनसाहेबांकडे. किल्ली त्यांच्या कमरेला."

"त्या दिवशीची टोपडी तुम्ही बुडवली होती?"

धोब्याने दोरीवरचं सरळ असलेलं टोपडं पुन्हा सरळ केलं. "मी रोज बुडवतो, बाई."

बाहेर आल्यावर कंपाउंडर उसळले. "यानंच कामचुकारपणा केला! चेहऱ्यावर लिहिलंय."

"चेहऱ्यावर भीती लिहिली आहे. चोराची आणि चाकराची भीती सारखीच दिसते, म्हणून तर चाकर फुकट मरतात."

तोफप्रमुख तोफेजवळच भेटला. त्याच्या मनगटांवर अजून पट्ट्या होत्या. "सकाळी इन्स्पेक्शन झालं. दुपारी शत्रूचं जहाज दिसलं. आम्ही धावलो. तो गेला. मी त्याला उचलून इस्पितळात नेलं."

"त्यानं टोपडं घातलं होतं?"

तो समुद्राकडे बघत राहिला. "चौकशीत कॅप्टनसाहेबांनी सांगितलंय सगळं."

"तुमचं स्वतःचं त्या दिवशीचं टोपडं कुठं आहे?"

"साहेबांनी सगळ्यांची गोळा केली," तो पुटपुटला.

कॅप्टनने मात्र दोघांना अदबीने बसवलं. टेबलावर धुळीचा कण नव्हता. भिंतीवर एक मोठा फोटो होता. तोफेपुढे आठ तोफची, डोळे तेवढे उघडे, टोपडी बगळ्यासारखी पांढरी आणि प्रत्येकाच्या कपाळावर इस्त्रीची धारदार रेघ. खाली पोरगं गेलं त्याच दिवसाची तारीख होती.

"कर्नलसाहेबांनी खास शाबासकी दिली," कॅप्टन म्हणाला. "पण उकाड्यात ही पोरं ऐकत नाहीत हो. फोटो झाला आणि यानं काढून खुंटीला अडकवलं. आईचं दुःख मी समजू शकतो."

"समजाल," मावशी म्हणाल्या.

चार दिवसांनी सकाळी त्याच खोलीत सगळे जमले. मावशींच्या अर्जावरून कर्नल आले होते. आई खुर्चीच्या कडेला टेकली होती, मांडीवर तीच पेटी.

मावशींनी टोपडं टेबलावर ठेवलं. "कॅप्टन, हे त्याचंच?"

"नंबर आहे ना त्यावर."

"तो तोफेवर होता ते सात महिने वापरलेलं?"

"अर्थात."

मावशींनी पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं आणि नंबरावर टेकवलं. राखाडी सतराचा एकाएकी जांभळा सतरा झाला. कंपाउंडरांचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

"ही पेन्सिल सुकी असताना राखाडी, पाणी लागलं की जांभळी. दोरीवरचे सगळे नंबर जांभळे आहेत. म्हणजे हा नंबर घातल्यापासून हे कधी धुतलं नाही की क्षारात बुडवलं नाही. सात महिने वापरून न धुतलेल्या कपड्याला घामाचा वास हवा. आई हुंगून दमली, वास नाही. धुतलेलं नाही, वापरलेलंही नाही. हे कोरं आहे. कोऱ्या कपड्यांच्या पेटीची किल्ली एकाच कमरेला असते, आणि खुंटीवर हे 'आढळलं' तेही त्याच माणसाला."

"मूर्खपणा!" कॅप्टन म्हणाला. "मग त्याचं टोपडं गेलं कुठं?"

"त्याच्या चेहऱ्यावर जळून गेलं. ज्वाला पापणी लवेपर्यंत टिकते, पेटलेलं कापड टिकून राहतं. म्हणून कापडाखालचं सगळं खोल जळलं आणि जिथं कापडाला भोक होतं, तिथंच वरवर भाजलं."

"पण टोपडं तर आग अडवतं!" कर्नल म्हणाले.

"बुडवलेलं अडवतं. बुडवलेलं पिवळं, कडक दिसतं, त्याला इस्त्री चालत नाही." मावशींनी फोटोकडे बोट केलं. "ही बघा इस्त्री. दुपारी तोफेवर धावले ते हीच घालून. कॅप्टननी स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा चौकट करून भिंतीला टांगलाय, कारण त्यांना त्यात पांढरेपणाशिवाय काही दिसलंच नाही!"

मग दाराशी उभा असलेला धोबी रडायलाच लागला. "मी सांगितलं होतं, साहेब! म्हटलं, बुडवू द्या. तुम्ही म्हणालात, ही घाणेरडी फडकी कर्नलसाहेबांपुढे न्यायची नाहीत."

"आम्ही सगळ्यांनी घातली होती," तोफप्रमुख पुढे आला. त्याने मनगटांच्या पट्ट्या सोडल्या. "त्यानंही. तो तोफेच्या दाराशी होता, आम्ही मागे. त्याचं पेटलेलं टोपडं ओढताना हे भाजलं. साहेब मला म्हणाले, तोंड उघडलंस तर बेअदबीचा खटला. मी घाबरलो. थू माझ्यावर."

"एका दिवसाचा प्रश्न होता," कॅप्टन म्हणाला. "संध्याकाळी पुन्हा बुडवणारच होतो."

"मेल्या, लढाईला तुझी संध्याकाळ ठाऊक होती का?" मावशींचा आवाज फुटला. "चूक झाली म्हणून पोरगं गेलं. ते एक वेळ देव माफ करील. पण जळालेल्या मुलावर तू दोष ढकललास, आणि कोरं कापड आईला आठवण म्हणून पाठवलंस! तिनं ते उशाशी घेऊन झोपायचं?"

कर्नलांची मान खाली होती. शाबासकी त्यांचीच होती. "आजच निकाल फिरवतो," ते म्हणाले. "नाव फलकावर लागेल. आणि कॅप्टन, तुमची चौकशी होईल. माझीही व्हायला हवी."

आईचं लक्ष कुणाकडेच नव्हतं. ती उठून फोटोसमोर गेली होती. आठ सारखी टोपडी, आठ डोळ्यांच्या जोड्या. कंपाउंडर तिला विचारणार होते की ओळखू कसा येणार. तेवढ्यात तिने डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा माझा," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून, तक्रार केल्यासारखी म्हणाली, "बघा ना, घातलंय त्यानं."