दोन रात्रींच्या बोलीवर

पुतण्याने कुठल्याशा बाजारातून टेबलावरचा एक जुना दिवा उचलून आणला आणि जेवणं झाल्यावर तो काकांपुढे ठेवला. काकांनी आयुष्यभर वायरमनचं काम केलेलं. त्यांनी दिवा उलटा केला, खालचा स्क्रू काढला आणि आतली कुजकी वायर दोन बोटांनी ओढून पाहिली.

"वायर बदलून देतो. दिवा चांगला आहे," ते म्हणाले. "गालिचा नाही ना घेतलास कुठला?"

"घ्यायचाय. जुनाच. का हो?"

"काही नाही. कुठून आला ते विचारून घे म्हणजे झालं."

एवढ्यावर कोण सोडतंय? पुतणी उठून दार लावून आली, भाचा पाय पोटाशी घेऊन बसला. काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवताच सांगायला सुरुवात केली. गोष्ट त्यांच्या मित्राची. त्याचं चष्म्याचं दुकान, म्हणून सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. थापा मारणाऱ्यांतला तो नव्हे. त्याला साधा विनोद समजावून सांगावा लागे, तो कसल्या थापा मारणार!

चष्मेवाल्याची बायको गेली तेव्हा नव्या घरात येऊन त्यांना दोन महिनेही झाले नव्हते. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी माणूस नाही. हॉल रिकामाच राहिला. तिथे एक जुना गालिचा आणि एक जुना उभा दिवा हवा, असं तिने ठरवलं होतं. दुकानातलं कोरं करकरीत नको, कोणीतरी वापरलेलं, हात फिरलेलं हवं. गालिचा केवढा लागेल ते दिसावं म्हणून तिने फरशीवर कागदी चिकटपट्टीने एक चौकोन आखून ठेवला होता. ती गेल्यावर आठ महिने चष्मेवाला त्या चौकोनाला वळसा घालून स्वयंपाकघरात जात होता. तो रडला नाही. आठवड्याभराने दुकान उघडलं आणि लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता कसं दिसतंय? आणि आता?" विचारायला लागला. कोणी विचारलं तर म्हणे, "ठीक आहे." आणि खरंच तसं होतं. दाढ काढताना सुई देतात ना, त्यानंतर गाल कसा होतो? आपलाच गाल, पण चावला तरी कळत नाही. तसं.

मग मुलीचा फोन आला. "बाबा, शनिवारी बाळाला घेऊन येते. हॉलमध्ये काहीतरी अंथरा हो. दिवसभर रांगत असतो, गार फरशीवर कुठे सोडू त्याला?"

"आणतो," तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी तो जुन्या सामानाच्या दुकानात गेला. दुकान एका बाईंचं, साठीच्या पुढच्या. एकामागून एक गालिचे त्या उलगडून दाखवत होत्या.

"पुढून बघू नका. उलटा करा. पाठीवरही नक्षी तेवढीच स्वच्छ दिसली, एकेक गाठ मोजता आली, तर हाताचं काम समजा. आणि या कडेच्या दशा, त्या गालिच्यातूनच निघालेल्या हव्यात. मागाहून शिवलेल्या दिसल्या की सरळ हात जोडून निघायचं."

चष्मेवाला मान हलवत होता.

"सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर आले पाहिजेत. आणि वरून पांढराफेक उजेड सोडू नका, जुने रंग मरतात त्यात. दिवा बाजूला ठेवा, जरा खाली, पिवळा."

"तुमचा वाचायचा नंबर वाढलाय," चष्मेवाला म्हणाला. बाई लेबल हातभर लांब धरून वाचत होत्या.

"ते नंतर बघू. आवडला का यातला कुठला?"

त्याने एका गडद निळ्या गालिच्यावर बोट ठेवलं. "हा मापात बसतो."

"मी आवडला का ते विचारलं."

तो गालिच्याची रुंदी वितींनी मोजायला लागला. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. "रंग दिवसा एक दिसतो, रात्री एक. दोन रात्रींच्या बोलीवर न्या. नाही पटला तर परत आणा, मी काही म्हणणार नाही."

पितळी दांड्याचा एक उभा दिवाही त्याने घेतला. गालिचा कोणाच्या घरातून आला, ते विचारलं नाही. त्या दिवसांत त्याला कुठलेच प्रश्न पडत नसत.

संध्याकाळी दिव्याची वायर काकांनीच बदलून दिली. म्हणून तारीख त्यांना पाठ आहे. सतरा ऑक्टोबर, गुरुवार. दोघांनी मिळून गालिचा अंथरला. पट्टीच्या चौकोनात तो असा बसला, जणू मोजून विणला होता. दिवा सोफ्याच्या बाजूला उभा केला, लावून पाहिला, विझवला, आणि काका घरी गेले.

रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी चष्मेवाला पाणी प्यायला उठला. हॉलमध्ये दिवा लागलेला होता. राहिला असेल आपल्याकडून, असं म्हणून तो सोफ्यावर टेकला. गालिच्याची लव असते ना, तिच्यावर एका बाजूने हात फिरवला की ती फिकी दिसते, उलट फिरवला की गडद. बाजूच्या उजेडात तर जास्तच. समोर गालिच्याच्या पलीकडच्या कडेला एक गडद डाग होता.

डाग नव्हता. पाऊल होतं. अनवाणी. पाचही बोटं दिसत होती.

तो बघत असतानाच त्याच्या पुढे दुसरं उमटलं.

आवाज नाही. नुसती लव दबली. मग तिसरं. चौथं. पावलं दिव्यापर्यंत आली आणि थांबली.

"तू आहेस का?" त्याने विचारलं.

...

पहाटेपर्यंत तो तसाच बसून राहिला. घाबरला नाही. काकांना त्याने पुढे हेच पुन्हा पुन्हा सांगितलं, "अरे, मला भीती वाटायला हवी होती ना? वाटलीच नाही."

शुक्रवारी दुकानात दिवसभर नेहमीसारखं काम. रात्री मात्र तो झोपायला गेला नाही. दिवा स्वतः विझवला, बटण दोनदा तपासलं आणि अंधारात सोफ्यावर बसला.

एक चाळीस. दिवा लागला.

पावलं पलीकडून आली. या वेळी दिव्याकडे गेली नाहीत. सरळ त्याच्यासमोर आली. त्याच्या गुडघ्यांपुढे थांबली. मग वळली, बसायच्या आधी माणूस वळतो तशी. टाचा सोफ्याकडे. त्याच्या पावलांच्या शेजारी आणखी दोन पावलं.

शेजारची गादी दबली.

आणि चष्मेवाला बोलायला लागला. आठ महिन्यांत बोलला नव्हता एवढं. उद्या लेक येतेय, बाळाला दोन दात आलेत, तुझी शिवणाची पेटी मी हलवली नाही, शेजारच्या वहिनी भाजी पाठवतात पण मीठ विसरतात. तासभर. शेजारून काही नाही. मध्येच त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तो उठला, चपलांच्या कपाटातून तिची घरातली सपात घेऊन आला आणि त्या पावलावर ठेवून पाहिली.

पाऊल तीन बोटं मोठं होतं.

चष्म्याचं माप घ्यायची पट्टी त्याच्या खिशात कायम असे. ती काढून त्याने वाकून पाऊल मोजलं. साडेदहा इंच. पुन्हा मोजलं. साडेदहाच.

हे सांगताना काका थांबले. भाच्याने विचारलं, "मग पळाला?"

"नाही रे. तेच तर." काका म्हणाले. "सपात कपाटात ठेवून आला आणि परत तिथेच जाऊन बसला. शेजारी. आपली नाही तर नाही... कोणीतरी बसलंय ना. तेवढ्यावर त्याचं भागलं."

दोन रात्री झाल्या. शनिवारी सकाळी गालिचा परत करायचा होता. त्याने केला नाही.

दुपारी लेक आली. हॉल बघून दारातच उभी राहिली. "बाबा... आईला आवडला असता."

"हं."

अकरा महिन्यांचं बाळ. अजून धरल्याशिवाय उभंही राहत नव्हतं. गालिच्यावर सोडल्याबरोबर ते रांगत पलीकडच्या कडेला गेलं, तिथे बसलं आणि वर बघून हसायला लागलं. "काय दिसतंय रे तिथे, माकडा?" लेक हसली. चष्मेवाल्याने पाहिलं.

रात्री त्याने दिव्याची पिनच काढून ठेवली.

एक चाळीसला त्याला जाग आली. दाराखालून उजेड येत होता. पिवळा.

तो लेकीच्या खोलीत डोकावला. लेक गाढ झोपलेली. शेजारची जागा रिकामी.

हॉल.

बाळ गालिच्याच्या मधोमध बसलं होतं. जागं. वर बघत होतं. त्याच्याभोवती पावलंच पावलं. गोल. आतल्या गोलात आणखी एक गोल. त्याच्या आत आणखी. जवळ जवळ येत गेलेली.

बाळाच्या अगदी पुढ्यात शेवटची दोन. अर्धीच. नुसती बोटं. खोल रुतलेली. टाचा नव्हत्या.

कोणीतरी उकिडवं बसलं होतं.

बाळाने दोन्ही हात वर केले. उचलून घे म्हणतात तसे.

"नाही..."

तो आवाज आपला आहे हे चष्मेवाल्याला आधी कळलंच नाही. तो धावला. बाळाला धरलं, उचललं... आणि बाळ येईना. जड नव्हतं. पण येईना. पलीकडून धरलेलं.

"सोडा त्याला. पाया पडतो... सोडा."

...

सुटलं.

बाळाला छातीशी धरून तो उजाडेपर्यंत दाराला पाठ लावून बसला. आठ महिने जे आलं नव्हतं ते सगळं त्या रात्री आलं, भीतीही आणि रडूही, कुठलं कशासाठी ते त्यालाच कळत नव्हतं. लेक उठून आली तेव्हा म्हणाला, "गालिचा रंग सोडतोय. परत देऊन येतो."

त्याने काकांना बोलावलं. दोघांनी गुंडाळी दुकानात नेली. बाईंनी ती पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "किती रात्री राहिला?"

"तीन."

बाईंनी चष्मा काढला. "तीन?"

"हो."

"दोनच्या वर कोणी ठेवला नव्हता आजपर्यंत."

"कोण आहे तो?" चष्मेवाल्याने विचारलं. आठ महिन्यांत जिवंत माणसाला विचारलेला त्याचा पहिला खराखुरा प्रश्न.

बाईंनी गुंडाळी ओढत मागच्या खोलीत नेली. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेवटी हे दोघे निघून आले.

घरी पोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते. दार उघडंच होतं. आतून लेकीच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

"बाबा, लवकर या! चालतोय! एकटा चालतोय!"

दोघे दारातच थांबले. उघड्या फरशीवर बाळ चालत होतं. एक पाऊल. दुसरं. तिसरं. भिंतीचा आधार नाही, कशाला धरलेलं नाही. लेक हसत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाळाचा उजवा हात सरळ डोक्याच्या वर होता. मूठ मिटलेली. लहान मुलं मोठ्या माणसाचं बोट धरून चालतात ना, तशी. अंग त्या बाजूला पूर्ण कललेलं होतं. सगळा भार त्या हातावर होता.

आणि ते पडत नव्हतं.