बातमीची मात्रा

मात्रा चाचणीचा निकाल दुपारी सव्वादोनला आला. हेमांगी तांडेलची बातमी नापास झाली होती.

तिनं निकालपत्र दोनदा वाचलं. बातमी मोरखाडीच्या विहिरींतल्या विषाबद्दल होती. मोरखाडीहून चारशे किलोमीटर दूरच्या एका गावात ती दोनशे स्वयंसेवकांना वाचायला दिली होती, फक्त मोरखाडीच्या जागी त्यांच्याच गावाचं नाव घालून. त्यांचं पाणी स्वच्छ होतं. तरी सात दिवसांत एकतीस जणांच्या बोटांना बधिरपणा आला आणि दोघांना दवाखान्यात ठेवावं लागलं. शेवटी शेरा होता : वृत्तबाधा साडेपंधरा टक्के, मर्यादा दोन टक्के, प्रसिद्धीस अयोग्य.

वृत्तबाधा म्हणजे बातमीमुळे होणारा आजार. तीस वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा मोजला गेला. हवा विषारी असल्याची बातमी ज्या शहरांत गाजली, तिथे स्वच्छ हवेच्या वस्त्यांमध्येही दम्याचे रुग्ण दुपटीनं वाढले होते. ही माणसं ढोंग करत नव्हती. आपल्याला काय होणार आहे याचा मेंदू सतत अंदाज बांधत असतो, आणि अंदाज पक्का झाला की शरीर तो खरा करून दाखवतं. म्हणजे बातमी औषधासारखीच शरीरात उतरते. मग औषधासारखीच तिची चाचणी का नको? असा प्रश्न निघाला आणि कायदा झाला. तेव्हापासून प्रदूषणावरची प्रत्येक बातमी वृत्तमात्रा मंडळाकडून तपासून घ्यावी लागे.

"सौम्य मात्रेत दे," संपादक अंजनी पालेकर म्हणाल्या. "मंडळानंच मजकूर सुचवलाय. 'मोरखाडीच्या काही विहिरींत पेरोझिनचे अंश. अभ्यास सुरू, घाबरण्याचं कारण नाही.'"

"मॅडम, मागच्या वर्षी आपण हेच छापलं होतं."

"आणि कुणी आजारी पडलं नाही."

"डॉक्टर मुकादमांचा अभ्यास म्हणतो, अकरातल्या एकाच्या बोटांच्या नसा मरतायत. चौदा हजार वस्ती आहे!"

"त्या सहा वर्षांत मरतील. तुझी बातमी सात दिवसांत दोन हजार लोकांना पाडेल. मंडळाचा हिशेब चुकीचा आहे असं सिद्ध कर, मी आत्ता छापते."

हेमांगीला ते सिद्ध करता येईना. हिशेब बरोबरच होता.

तिनं जिन्यात जाऊन दिनानाथला फोन लावला. तिचा हा थोरला भाऊ मोरखाडीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होता.

"दादा, तुझ्या बोटांना मुंग्या यायच्या ना रे? आता कसं आहे?"

"गेल्या की कधीच्या! तुमच्याच पेपरात आलं होतं ना, घाबरायचं कारण नाही म्हणून. मी म्हटलं, उगाच डोक्यात घेतलं होतं. चारेक महिन्यांत मुंग्या बंद. आता एकदम झकास."

हेमांगीनं हे डॉ. इक्बाल मुकादमांना सांगितलं. मुकादम विषशास्त्राचे प्राध्यापक होते आणि विहिरींतलं पेरोझिन हे विष त्यांनीच शोधून काढलं होतं. औद्योगिक वसाहतीतल्या बॅटरीच्या कारखान्यातून ते जमिनीत झिरपत होतं.

"हेमांगीताई, मुंग्या येणं म्हणजे नस तक्रार करतेय. तक्रार थांबली याचे दोन अर्थ होतात."

"दुसरा कोणता?"

"मी गाडी काढतो. तुम्ही खाली या."

चार वाजता ते बंदरावर पोचले. दिनानाथ आकड्यानं बर्फाची लादी ओढत होता. बहिणीला पाहून तो हसला. मुकादमांनी त्याला स्टुलावर बसवलं, त्याचा उजवा हात मागच्या फळीवर ठेवला आणि तोंड दुसरीकडे वळवायला सांगितलं.

"सुई टोचणार आहे. टोचली की सांगा."

"बरं."

दिनानाथ समुद्राकडे बघत होता.

"टोचा ना, डॉक्टर. गाडी यायची वेळ झालीय."

तर्जनी, मधलं बोट, अनामिका. तिन्हींवर रक्ताचा एकेक थेंब उभा होता.

दिनानाथनं मान वळवली. तो बराच वेळ बोटांकडे पाहत राहिला. मग त्यानं तळहात उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी बर्फाच्या करवतीची एक जुनी, पिकलेली चीर होती. तीही त्यानं आत्ताच पाहिली.

"पण मला बरं वाटत होतं," तो म्हणाला.

मुकादम हेमांगीला घेऊन बाहेर आले आणि भिंतीला टेकले. "आपल्याला वाटलं, सौम्य बातमी कुणाला काही करत नाही. ती पण मात्राच होती. यांची नस मरत होती आणि आपण यांना बरं वाटायला लावलं. वेळेत पाणी बदललं असतं, तर अर्धे लोक वाचले असते. अजून बरेच वाचतील."

"मग सांगूया."

"सांगितलंत तर जे होईल तेही खरंच असेल, एवढं लक्षात ठेवा. ती एकतीस माणसं खरी होती."

हेमांगीनं फोन काढून पेपरचं ॲप उघडलं. चाचणीविना थेट प्रसारण फक्त दोनच प्रसंगी करता येई, पूर आणि आग. तिचं बोट क्षणभर पडद्यावर थांबलं. मग तिनं 'आग' दाबलं आणि आत जाऊन कॅमेरा दादाच्या हाताकडे वळवला. ती साडेसात मिनिटं बोलली. आकडे सांगितले, कारखाना सांगितला, विहिरी एकेक करून सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरखाडीत टँकर आले. आठवड्यात विहिरींना टाळं लागलं आणि कारखान्याची विष सोडणारी भट्टी बंद झाली. मुकादमांनी तपासलेल्या बाराशे बाधितांपैकी चारशे दहा जणांच्या नसा अजून सावरण्याजोग्या होत्या. दिनानाथ त्यांच्यात नव्हता.

किनाऱ्यावरच्या बाकी गावांतही दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. साडेतीन हजार लोक बधिर बोटं घेऊन आले. त्यांतल्या बहुतेकांच्या रक्तात पेरोझिनचा कणही नव्हता, पण बधिरपणा होता. कोण कशानं आजारी, हे ओळखायला दवाखान्यांना दीड महिना लागला. हेमांगीचा परवाना रद्द झाला. तिला त्याचं फारसं दुःख झालं नाही.

पावणेदोन महिन्यांनी तिच्या घरी एक तरुणी आली. सुलभा घरत, बोरवाड्याची. बोरवाडा मोरखाडीपासून ऐंशी किलोमीटरवर, डोंगरात.

"आमची आई तुमची ती बातमी फोनवर रोज लावायची," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "पाणी सोडलं तिनं. आधी विहिरीचं, मग नळाचं, मग बाटलीचं. घोटभर घ्यायची, तेही आम्ही रडलो तर. उन्हाळा होता. अकराव्या दिवशी गेली."

हेमांगीनं खुर्ची पुढे केली आणि सवयीनं पाण्याचा पेला आणला. सुलभा बसली.

"एवढंच विचारायला आले. बातमी खरी होती का?"

"हो. शब्दन्‌शब्द."

सुलभानं मान हलवली. "खोटी असती तर बरं झालं असतं. तुम्हाला शिव्या तरी घातल्या असत्या."

तिनं पेला उचलला, नाकाशी नेला, उजेडात धरून पाहिला आणि तसाच भरलेला खाली ठेवला.